खोली क्रमांक 112 आणि मदतीचा क्रमांक 112

सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की बेळगावातील हॉटेलांत खोली मिळणे दुरापास्त होते. मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस आणि पत्रकार यांचा मुक्काम एकाच वेळी शहरात पडतो. 2012 मध्ये ही वास्तू उभी राहिल्यापासून हा ताण जवळपास दरवर्षीचा झाला आहे. त्यात लग्नसराई असते, इस्पितळांत आलेल्या रुग्णांचे नातेवाईक असतात आणि चोर्ला घाटातून येणारे गोमंतकीयही असतात. गोव्याचा दूरध्वनी संकेतांक 0832, तर बेळगावचा 0831. शेजार इतका जवळचा आहे.

गर्दीचा हा भार पेलण्यासाठी मध्यम आकाराची हॉटेलेही आता जाडजूड नोंदवही बाजूला ठेवून व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरू लागली आहेत. पुढची स्वाभाविक पायरी म्हणजे हे सॉफ्टवेअर हॉटेलच्या ईपीएबीएक्स यंत्रणेशी, म्हणजे अंतर्गत दूरध्वनी केंद्राशी जोडणे. ही जोडणी वरकरणी तांत्रिक आणि किरकोळ वाटते. परंतु संकटाच्या प्रसंगी खोलीतून केलेला फोन पोलिसांपर्यंत पोहोचणार की नाही, हे तीच ठरवते.

जोडणीचे काम थोडक्यात असे चालते. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने पाहुण्याची नोंद केली की सॉफ्टवेअर दूरध्वनी केंद्राला संदेश पाठवते. खोली भरली, पाहुण्याचे नाव अमुक, भाषा अमुक, बाहेरचे फोन खुले करावेत. पाहुण्याने खोली सोडली की उलट संदेश जातो. बाहेरची लाइन बंद होते, पहाटे उठवण्याची सूचना रद्द होते, आधीच्या पाहुण्याचे ध्वनिसंदेश पुसले जातात. दुसऱ्या बाजूने केंद्र प्रत्येक बाहेरच्या फोनचा हिशेब सॉफ्टवेअरला कळवते आणि तो बिलात चढतो. सफाई कर्मचाऱ्याने खोलीतील फोनवरून ठरावीक आकडे दाबले की खोली तयार असल्याची नोंद स्वागतकक्षात उमटते. या संदेशांच्या भाषाही ठरलेल्या आहेत. 'फिडेलिओ' या जुन्या हॉटेल सॉफ्टवेअरवरून आलेली 'फियास' ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित पद्धतींपैकी एक. दोन्ही यंत्रणांना एकच भाषा समजत नसेल, तर मध्ये दुभाष्याचे काम करणारे तिसरे सॉफ्टवेअर बसवावे लागते.

खरी अडचण क्रमांकांपाशी सुरू होते. हॉटेलांत खोलीचा क्रमांक हाच तिच्या फोनचा अंतर्गत क्रमांक ठेवण्याचा प्रघात आहे. पाहुण्याला तो सोपा जातो आणि सॉफ्टवेअरमध्येही वेगळी जुळणी करावी लागत नाही. पहिल्या मजल्यावरील खोल्या सहसा 101 पासून सुरू होतात. पण 101 हा अग्निशमन दलाचा क्रमांक आहे, 108 रुग्णवाहिकेचा आणि 112 सर्व आपत्कालीन सेवांचा एकत्रित क्रमांक. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरुवात होऊन हा एकच क्रमांक देशभर रुजवला गेला. ज्या हॉटेलात 112 क्रमांकाची खोली आहे, तिथे घाबरलेल्या पाहुण्याने खोलीतून 112 फिरवल्यास पोलीस नियंत्रण कक्षाऐवजी शेजारच्या खोलीत घंटी वाजण्याची शक्यता आहे. तशी खोली नसेल, तरी बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य किंवा नऊ दाबावे लागते, हे त्या क्षणी किती जणांना आठवेल?

ही भीती काल्पनिक नाही. 2013 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल गावच्या एका हॉटेलात कारी हंट या महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे 911 हा क्रमांक चार वेळा फिरवला. फोन लागला नाही, कारण आधी नऊ दाबणे आवश्यक होते. कारी हंट यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 2018 मध्ये मंजूर झाला आणि 2020 च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. नव्या यंत्रणेत कोणताही आकडा आधी न दाबता 911 थेट लागला पाहिजे आणि त्याच वेळी स्वागतकक्षासारख्या ठिकाणी सूचना गेली पाहिजे, या त्यातील दोन मुख्य अटी.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निपाणी कर्नाटकात असली तरी तिला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. महामार्गावर थोडे पुढे गेले की कागल, म्हणजे महाराष्ट्र. दूरसंचार नकाशावरही निपाणी कर्नाटक परिमंडळात, तर कोल्हापूर आणि गोवा महाराष्ट्र परिमंडळात येतात. सीमेलगत मोबाइल पलीकडच्या राज्याच्या मनोऱ्याला जोडला गेला, तर 112 चा फोनही पलीकडच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात पोहोचू शकतो आणि तिथून तो पुन्हा फिरवण्यात मोलाची मिनिटे जातात. म्हणूनच 'प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना खोलीतील फोनचे काय काम' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. खोलीतील फोनचा पत्ता निश्चित असतो. मात्र तो फोन स्थानिक लाइनवरूनच बाहेर पडला पाहिजे. पुण्यातील मुख्यालयात एकच केंद्र ठेवून इंटरनेटवरून शाखा चालवणाऱ्या हॉटेलसमूहाने ही दक्षता घेतली नाही, तर बेळगावच्या खोलीतील हाक पुण्यात ऐकू जाईल.

सीमावादाचा तणाव वाढला की ही निकड अधिकच जाणवते. 2022 च्या डिसेंबरमध्ये वाहनांवर दगडफेक झाली, 2025 च्या फेब्रुवारीत बसवाहकाच्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांतील बससेवा विस्कळीत झाली. अशा दिवशी परक्या शहरातील हॉटेलात अडकलेल्या कुटुंबाला स्थानिक क्रमांक ठाऊक नसतात, प्रसंगी भाषाही येत नाही. त्याच्या हाताशी असतो तो खोलीतील फोन. भाषेच्या बाबतीत ही जोडणी उपयोगीही पडू शकते. पाहुण्याच्या नोंदीत भाषेचा रकाना असतो आणि बहुतेक केंद्रांत ध्वनिमुद्रित सूचना बदलता येतात. कर्नाटकात फलकांवर 60 टक्के कन्नड असण्याची सक्ती आहे. पाहुण्याला पहाटे कोणत्या भाषेत उठवावे, हा मात्र सौजन्याचा प्रश्न आहे. कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतील सूचना ठेवणे कोणत्याही हॉटेलला अशक्य नाही.

उपाय खर्चिक नाहीत. अंतर्गत क्रमांक चार आकडी करावेत; खोली 112 चा फोन 1112 ठेवून सॉफ्टवेअरमधील जुळणीच्या तक्त्यात ती नोंद करावी. 112 हा क्रमांक शून्यासह आणि शून्याविना, दोन्ही प्रकारे बाहेर जावा. खोली रिकामी झाल्यावर किंवा आगाऊ रक्कम न भरल्यामुळे बाहेरची लाइन बंद असली, तरी या क्रमांकाला ती बंदी लागू नसावी. घाईत केलेल्या जोडणीत नेमके हेच राहून जाते. पाहुण्याने 112 फिरवताच खोलीचा क्रमांक स्वागतकक्षाच्या पडद्यावर झळकावा, कारण पोलिसांना दिसतो तो हॉटेलचा क्रमांक, खोलीचा नव्हे. खोली बदलल्याची नोंद दोन्हीकडे पोहोचते का, हे तपासावे, अन्यथा मदत भलत्याच दारावर जाईल. इंटरनेटवर चालणारे फोन वीज जाताच मुके होतात, म्हणून केंद्र आणि नेटवर्कची उपकरणे बॅटरीवर हवीत. शेवटी, नियंत्रण कक्षाला पूर्वकल्पना देऊन प्रत्यक्ष फोन लावून पाहावा.

सध्या सॉफ्टवेअर विकणारा फोनवाल्याकडे बोट दाखवतो आणि फोनवाला सॉफ्टवेअरकडे. जोडणीचे पैसे देताना मालक पाहतो ते बिल बरोबर चढते की नाही एवढेच. हॉटेलांचे परवाने देणाऱ्या आणि अग्निसुरक्षा तपासणाऱ्या यंत्रणांनी आपल्या तपासणीत एका ओळीची भर घातली, तर ही टोलवाटोलवी थांबेल: कोणत्याही खोलीतून 112 फिरवा आणि कोण उचलतो ते पाहा. पर्यटनावर जगणाऱ्या गोव्यानेही ही चाचणी बेळगावच्या आधी स्वतःच्या किनाऱ्यांवरील हॉटेलांत घ्यायला हवी. पणजीत किंवा कळंगुटमध्ये उतरलेला पाहुणाही संकटात तोच तीन आकडी क्रमांक फिरवणार आहे.