आधी कागद, मग रंग

लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, आम्हा गोवेकरांची पावलं बेळगावच्या खडेबाजाराकडे वळतातच. यंदा मात्र मी तिथे गेलो तो कागद घ्यायला. लेकीला दिवाळीची भेटकार्डं घरीच करायची आहेत. रंगांची मोठी पेटी तिने आधीच मागून घेतली. कागद म्हणे 'कुठलाही चालेल'. इथेच आमचं बिनसलं.

त्याला कारण आहे. माझी मावशी बेळगावची. ती गेल्यावर तिच्या शोकेसमध्ये मी शाळेत असताना पाठवलेली दोन कार्डं सापडली. एक पातळ कागदावर स्केचपेनने केलेलं. कागद पिवळा पडून घडीवर फाटलेला, आणि अक्षरं इतकी उडालेली की तेव्हा मावशीला मी काय लिहिलं होतं ते आज मलाच वाचता येत नाही. दुसरं एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, रंगीत पेन्सिलीने केलेलं. ते जसंच्या तसं आहे!

कारकुनी करता करता कागदाची पारख आपोआप येते. फायलींतही हेच दिसतं. लाकडाच्या कच्च्या लगद्याचा स्वस्त कागद लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. सुती चिंध्यांचा हातकागद टिकतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ही कला शतकानुशतकं चालत आली. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. म्हणजे चांगला कागद आपल्याला परका नाही, आपणच त्याला विसरलो.

तेव्हा दुकानात आधी जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो. कार्डाला २०० ते २५० चा घ्यावा. जलरंग वापरायचे तर ३०० चा उत्तम, नाहीतर पाण्याने कागद फुगून वाकडा होतो. रंगीत पेन्सिलीला थोडा खरखरीत कागद हवा. गुळगुळीत कार्डावर ती नुसती घसरते. पोस्टर कलरचा जाड थर घडीवर तडकतो, म्हणून घडी कोरी सोडावी. तैलखडूचे डाग समोरच्या पानावर उमटतात. मध्ये बटरपेपर घालावा. हातकागदावर शाई फुटते का, ते आधी एका तुकड्यावर पाहावं. आणि स्केचपेन? दिसायला झकास, पण उजेडात त्याचा रंग उडतो. निदान मजकूर तरी त्याने लिहू नये.

कुणी म्हणेल, एका कार्डासाठी एवढा खटाटोप कशाला? शुभेच्छा तर मोबाईलवरही जातात. जातात खऱ्या, आणि संध्याकाळपर्यंत पुसल्याही जातात. हाताने कार्ड करायचं तर कुणीतरी ते जपून ठेवणार, असं धरूनच करावं. रंग चार कमी असले तरी चालतील. पैसे कागदावर खर्च करावेत.

असो. मावशीने जपण्यात काही कसूर केली नव्हती. कमी पडला तो माझा कागद.