सतरा शेकेलचं शेत

यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. शहर पडणार, असं सांगितलं म्हणून राजानं यिर्मया संदेष्ट्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलं होतं. तिथं त्याचा चुलतभाऊ हानामेल आला आणि म्हणाला, अनाथोथचं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझाच आहे. त्या दिवसांत ते शेत कुणी फुकटही घेतलं नसतं. यिर्मयानं घेतलं. १७ शेकेल चांदी, आजच्या मापानं दोनशे ग्रॅमच्या आसपास, तराजूत तोलून दिली. खरेदीखत झालं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि कागद पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून आपला लेखनिक बारूख याला ते मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितलं. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हे वचन त्या व्यवहाराच्या जोडीनं आलं आहे.

या वचनात कुणी जगाच्या अंताची तारीख शोधतं, कुणी आजच्या सरहद्दी. मला त्यातली तोललेली चांदी मोठी वाटते. हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं लोकांना दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगितलं होतं. यिर्मयानं सत्तर वर्षं सांगितली, आणि तरीही स्वतःचे पैसे मोजले.

विटा-आटपाडीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. दुष्काळानं इथली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. परमुलखात भट्टीपुढं बसून मुशीत चांदी वितळवली, पण ज्या माळात हुलगाही धड येत नव्हता तिथल्या सातबाऱ्यावरचं नाव अनेकांनी जाऊ दिलं नाही. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून इकडं आणायचं, हेही कित्येक वर्षं नुसतं बोलणंच वाटायचं. नागनाथअण्णा नायकवडींसारख्या माणसांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, तेव्हा कालव्यात थेंब नव्हता. आज त्या माळावर डाळिंबाच्या बागा आहेत.

पण त्याच चळवळीची आणखी एक मागणी होती: पाणी जमिनीच्या मापानं न देता माणसागणिक द्यावं, भूमिहीन घरालाही त्याचा वाटा मिळावा. यिर्मयाकडं निदान वडिलोपार्जित हक्क होता. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्या पाण्याचा कागद आता सरकारनं करून द्यावा, सही-शिक्क्यानिशी.