विश्लेषण : जालन्याच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ विद्यापीठापुढे का जात नाही?

जालना जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, तरी तो संघ एक संघ म्हणून पुढची फेरी खेळत नाही. त्याचा प्रवास तिथेच संपतो. पुढे जातात त्या निवडक खेळाडू, आणि त्यांच्या अंगावरच्या जर्सीवर नाव असते विद्यापीठाचे. ही रचना वरवर साधी वाटते. पण ग्रामीण भागातल्या मुलींपैकी कोण कोर्टवर उतरणार, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

स्पर्धेची उतरंड कशी आहे?

जालन्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे व चारशेहून अधिक महाविद्यालये असा या विद्यापीठाचा पसारा आहे. पहिली पायरी या महाविद्यालयांमधील स्पर्धेची. त्यातून विद्यापीठाचा 12 जणींचा संघ निवडला जातो. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या (एआययू) पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा अशा राज्यांतील विद्यापीठांशी खेळतो. प्रत्येक विभागातून पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात आणि तिथले पहिले आठ 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेला. 2020 मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेतही बास्केटबॉल होते. याशिवाय राज्यातील विद्यापीठांचा स्वतंत्र क्रीडा महोत्सव होतो, तिथेही विद्यापीठाचाच संघ उतरतो.

अमेरिकेत वेगळे काय?

तिकडे महाविद्यालये 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली असतात. गटाची स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला, मग तो कितीही छोट्या गावातला असो, 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. म्हणजे हंगामभर अडखळलेला संघही मार्चमधले तीन-चार दिवस चांगला खेळला, तर अख्ख्या देशासमोर येतो. संघ तोच, प्रशिक्षक तोच, गावही तेच. 2024 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मुलींनी 'बिग टेन' गटाची स्पर्धा जिंकली आणि पुढे राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. साउथ कॅरोलिनाविरुद्धचा तो सामना सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला इतके प्रेक्षक मिळाले नव्हते. अर्थात यामागे पैसा आहे आणि कायदाही. शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा 'टायटल नाइन' हा कायदा 1972चा. तरीही 2021 मध्ये मुलींना व्यायामासाठी जेमतेम डंबेल्सची एक मांडणी आणि मुलांना भरगच्च व्यायामशाळा दिल्याचा व्हिडिओ एका खेळाडूनेच समोर आणला, तेव्हा आयोजकांना माफी मागावी लागली.

जालन्यात अडते कुठे?

पहिली अडचण संख्येची आहे. बास्केटबॉलच्या नियमानुसार सामना सुरू करायला कोर्टवर पाच खेळाडू लागतात. त्या ठरलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांत हजर झाल्या नाहीत, तर सामना गमावला जातो. (गंमत म्हणजे एकदा सुरू झालेला सामना दोन खेळाडूंवरही चालू राहू शकतो.) मंठा, घनसावंगी किंवा जाफराबादसारख्या तालुक्यातल्या लहान महाविद्यालयात ड्रिबल येणाऱ्या दोन मुली असतील, तर बाकीच्या तिघी आणायच्या कुठून? संघच उतरला नाही, तर त्या दोघी निवड समितीच्या नजरेस पडणेही अवघड. धावपटू मुलगी एकटी जाऊन धावू शकते. बास्केटबॉलमध्ये ती सोय नाही.

त्यात या वयोगटातल्या मुली मुळात महाविद्यालयापर्यंत पोहोचतात किती, हा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) जालना जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या सुमारे 35 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले; राज्याचा आकडा सुमारे 22 टक्के होता. ज्या पोहोचतात, त्यांच्यापुढे मुक्कामाचा प्रश्न. यजमान महाविद्यालय धाराशिव जिल्ह्यात असेल, तर मंठ्याहून अंतर दोनशे किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. दोन रात्री बाहेर राहायला घरून होकार मिळवणे, हा अनेकींचा सामन्याआधीचा सामना असतो. संघासोबत शिक्षिका आहे की नाही, यावर तो बऱ्याचदा ठरतो.

दुसरी अडचण महाविद्यालयाच्या बाजूची. चेंडू, किट, प्रवास, कोर्टाची डागडुजी असा खर्च करून संघ उभा केला, तरी विद्यापीठाबाहेर त्याचे नाव जाणार नाही. मग खर्च कशासाठी, असा विचार प्राचार्यांनी केला तर त्यात नवल नाही. उलट एकाच परिसरात वसलेल्या खासगी विद्यापीठालाही पश्चिम विभागात एक प्रवेशिका मिळते आणि चार जिल्ह्यांच्या विद्यापीठालाही एकच. खासगी विद्यापीठ शुल्कमाफी देऊन तयार खेळाडू आणू शकते आणि वर्षभर एकत्र सराव घेऊ शकते. चार जिल्ह्यांतून गोळा झालेल्या 12 जणींना एकमेकींचा पास ओळखायला शिबिराचे दिवस तेवढे मिळतात.

मग पणाला काय आहे?

चषकापेक्षा जास्त. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी ठराविक स्तरावरची कामगिरी व पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. महाविद्यालयीन स्पर्धेतले पदक त्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयोमर्यादा 25 वर्षांची, त्यामुळे पदवीची तीन वर्षे संघाविना गेली की हाताशी फारसे काही उरत नाही.

एआययूचे नियम जालन्यातून बदलणार नाहीत. पण विद्यापीठाच्या हद्दीतली स्पर्धा कशी घ्यायची, हे विद्यापीठच ठरवते, आणि 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यासाठी क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळही दिले आहे. एका तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांना संयुक्त संघ उतरवू देणे किंवा निवड चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी खुली घेणे, यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशी चाचणी जालना शहरात झाली, तर मंठ्याच्या त्या दोघींना उरलेल्या तिघींची वाट पाहावी लागणार नाही.