पथक आलं की शटर खाली? आधी पाणी कुठलं वापरता ते सांगा!

परवा संध्याकाळी आपल्या भागातल्या एका व्यापारी ग्रुपवर मेसेज फिरला. "पथक आलंय, शटर ओढा." अर्ध्या तासात फाट्याजवळची चायनीजची गाडी, दोन वडापावचे स्टॉल आणि एक चांगलं चालणारं हॉटेल बंद. पथकबिथक काही नव्हतं. कुणीतरी सरकारी पाटीची गाडी बघितली आणि अफवा सोडली. ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले. मला काही हसू आलं नाही.

जो माणूस रोज शेकडो लोकांना खाऊ घालतो, तो स्वच्छता बघायला कुणी येतंय म्हटल्यावर पळतो. का? एक तर आत लपवण्यासारखं काहीतरी आहे, नाहीतर स्वतःचे हक्क माहीत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त आहेत असं मला वाटतं. ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे. पहिल्यांनीही वाचावी.

मंडळी, जानेवारी 2025 इतक्यात विसरलात? किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, खडकवासला आणि आपली धायरी. जीबीएस हा शब्द तोवर आपल्याला माहीतसुद्धा नव्हता. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काही व्हेंटिलेटरवर गेले, काही परत आलेच नाहीत. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो पसरतो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या चिकनमधून. मग महापालिका जागी झाली आणि फेब्रुवारीत याच पट्ट्यातले 30 खाजगी पाण्याचे प्लांट सील केले. कुणाकडे परवानगी नव्हती, कुणाचं पाणी पिण्यालायक नव्हतं.

आता सांगा, जारचं पाणी जातं कुठे? आपल्याच टेबलावर. पाणीपुरीच्या माठात, सरबतात, कोशिंबिरीचा कांदा-टोमॅटो धुवायला. तेल ब्रँडेड, मसाला ब्रँडेड आणि पाणी? "तो पोरगा टेम्पोतून टाकून जातो." प्लांट कुठे आहे, विहिरीचं पाणी आहे की बोअरचं, त्यात क्लोरीन पडतं का, हे किती मालकांनी जाऊन बघितलं? हात वर करा.

"छोट्या माणसाला छळायला येतात" हे मी दहादा ऐकलंय. कायदा एकदा वाचा, मग बोला. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा, लागू झाला 5 ऑगस्ट 2011 ला. तो फक्त साहेबांच्या हातातला दांडका नाही, तुमच्या हातातही काही देतो.

अधिकारी आला तर ओळखपत्र मागा, तपासणीची प्रत मागा. नमुना घेतला तर चालू भावाने त्याचे पैसे तुम्हाला मिळाले पाहिजेत. फुकट उचलून न्यायची सोय कायद्यात नाही. नमुन्याचे चार भाग करून सील करायचे असतात आणि त्यातला एक भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, असं तुम्ही म्हणू शकता. अहवाल 14 दिवसांत यायला हवा. तो पटला नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील आहे. त्रुटी दिसल्या की आधी सुधारणा नोटीस, तीही किमान 14 दिवसांच्या मुदतीची. लोकांच्या जिवाला धोका असेल तर तातडीच्या बंदीचा अधिकार आहेच, आणि असायलाच हवा. उगाच आकसाने जप्ती केली तर अधिकाऱ्यालाच एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

हे माहीत असलेला माणूस शटर ओढत नाही, आणि पाकीटही काढत नाही. चिरीमिरी देऊन तुम्ही सुटत नाही, फक्त पुढच्या भेटीची तारीख घेता.

पण हक्क सांगितले की कामही सांगावं लागतं. नोंदणी किंवा परवान्याचा 14 आकडी नंबर भिंतीवर आणि बिलावर हवा. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, गार ठेवायचे ते 5 अंशांच्या खाली. टाकी धुतल्याची तारीख वहीत लिहिलेली हवी. पाण्याचा लॅब रिपोर्ट हवा, आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही चालत नाही. थोडासासुद्धा नाही. यातलं काय अशक्य आहे? एका रविवारच्या गल्ल्यापेक्षा जास्त खर्च यात कशाला येतो?

आता सरकारी बाजू. दिवाळी आली की खवा पकडल्याचे फोटो येतात. नमुन्याचा अहवाल 14 दिवसांनी, तोवर पेढे पोटात जाऊन पचलेसुद्धा. पाण्यातलं क्लोरीन मात्र साध्या किटवर काही मिनिटांत कळतं. मग रोज सकाळी चार हॉटेलं आणि दोन प्लांट एवढं का जमत नाही? सीलबंद बाटली अन्न कायद्यात येते. सुट्या जारचं पाणी नक्की कुणाच्या अखत्यारीत, यावर वर्षानुवर्षं एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिलं. सील ठोकायला माणसं आजारी पडावी लागली.

आणि मुळात जार लागतोच का? धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, शेजारची नांदेड-किरकटवाडी 2021 मध्ये. कर शहराचा झाला, पाणी मात्र अजून टँकरवाल्याच्या मेहेरबानीवर. नळाला पुरेसं, शुद्ध पाणी न देता हॉटेलवाल्याची टाकी तपासणं म्हणजे स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माठात शोधणं. पण म्हणून हॉटेलवाला सुटत नाही. गिऱ्हाईक महापालिकेला पैसे देऊन मिसळ खात नाही, तुम्हाला देऊन खातं.

माझ्या मागण्या तीनच. एक, या भागातल्या प्रत्येक तपासणीचा निकाल त्या दुकानाच्या दारावर लागावा, चांगला असो वा वाईट. दोन, जारच्या प्लांटची वर्षभर तपासणी व्हावी, साथ आल्यावर नव्हे. तीन, व्यापारी मंडळींनी "पथक आलंय" ऐवजी "आमच्याकडे या, बघा" असा मेसेज फिरवावा. जो मालक स्वतःहून पाण्याचा रिपोर्ट काउंटरवर लावेल त्याचा फोटो मी याच पानावर टाकीन, फुकट. जाहिरात समजा.

आणि वाचकहो, आज रात्री बाहेर जेवायला गेलात तर मेनूकार्ड हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारा: "दादा, पाणी कुठलं?" उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. हॉटेलचं नाव नको, उत्तर हवं.

आमच्या धायरीची पोरं याच गाड्यांवर खातात. माझीसुद्धा.