सेवाभाव कोणाच्या खर्चाने?

जव्हार तालुक्यातील साखरशेत येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु त्याच्या हद्दीतील पाडे डोंगरांच्या सोंडांवर आणि ओहोळांच्या पलीकडे असे विखुरलेले आहेत की, आषाढ-श्रावणात केंद्राचे दार उघडे असले तरी त्या दारापर्यंत पोहोचणे हेच रोग्याच्या नातलगांना मोठे दिव्य होऊन बसते. शेजारच्या मोखाड्यातही तीच अवस्था. रस्ता संपला की झोळी, आणि झोळीला खांदा देणारे चार जण. अशा मुलखात आरोग्याच्या कामी स्वयंसेवकाचे प्रयोजन काय, याविषयी सुशिक्षितांत दोन मते प्रचलित आहेत आणि ती दोन्ही मला सदोष वाटतात.

पहिले मत असे की, स्वयंसेवक ही दरिद्री राज्यकारभाराची सबब होय. डॉक्टर नेमा, यंत्रे आणा, मग या अर्धशिक्षित मंडळींची गरज उरणार नाही. या मताचा समाचार घेण्यास फारसा वेळ लागू नये. 1992 च्या सुमारास याच तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि जव्हारचे नाव विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांच्या तोंडी झाले, तेव्हा उणीव केवळ औषधांची नव्हती. कोणत्या घरात कोणते मूल दिवसेंदिवस सुकत चालले आहे हे वेळीच पाहून दवाखान्याला वर्दी देणाऱ्या माणसाचीही होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकाची निगा, श्वास गुदमरल्यास करावयाचा उपाय आणि जंतुसंसर्ग ओळखण्याची रीत शिकविली. 1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. हे कार्य तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या पदवीधराच्या हातून होणे नव्हते. कारण अर्भक दगावते ते पाड्यावर, आणि कित्येकदा रात्री.

दुसरे मत अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणूनच अधिक घातक. सेवा ही मोलाने विकत घेता येत नाही, मानधनाचा आकडा मध्ये आला की आत्मीयता लोपते, स्वयंसेवक नोकर बनतो आणि नोकर झाला की संपावर जातो, असा हा पूर्वपक्ष. त्याच्या बाजूने जामखेडचा दाखला दिला जातो, आणि तो दाखला खोटा नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी तेथे सुरू केलेल्या प्रकल्पातील ग्राम-आरोग्यसेविका पगारदार म्हणून नेमलेल्या नव्हत्या, आणि तरीही त्यांनी आपापल्या गावांचा कायापालट केला. परंतु जामखेडचा हवाला देणारे तेथील निम्मीच हकीकत सांगतात. तेथे त्या स्त्रियांना वर्षानुवर्षे नियमित शिक्षण मिळत होते, चरितार्थाच्या धंद्यांसाठी साह्य होते, महिला मंडळांचे पाठबळ होते आणि मागे उभे राहणारे रुग्णालय होते. त्यांना वेतन नसेल, पण त्यांना वाऱ्यावरही सोडलेले नव्हते. शासन जामखेडची बिनपगारी तेवढी उचलते आणि बाकीचा सारा परिवार तेथेच ठेवते.

आता साखरशेतच्या एखाद्या पाड्यावरील आशा स्वयंसेविकेची स्थिती पाहा. भातकापणी आटोपून दिवाळी सरली की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर उठून जातो. घरी नाचणी-वरई असेपर्यंत चूल पेटते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिने 42 दिवसांत सहा वेळा त्या घरी जावे, बाळाचे वजन घ्यावे, ताप पाहावा, आईला समजवावे, अशी योजना असून त्या पूर्ण मालिकेचा मोबदला 250 रुपये ठरविण्यात आला. बाळंतीण मध्येच तान्ह्यासह भट्टीवर गेली तर मालिका अपुरी आणि हिशेबही अपुरा! चिखल तुडवीत एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात तिचा मजुरीचा एक दिवस बुडतो, हे कोणत्याच तक्त्यात भरले जात नाही. ज्याच्या घरी महिन्याचे धान्य भरलेले आहे त्याने आपला रविवार अर्पण करणे हे दान होय. जिच्या घरी ते नाही तिच्याकडून आठवडाभराचे काम घेऊन त्याला सेवाभाव म्हणणे ही वसुली होय.

आणि या मुलखाला अशी वसुली नवी नाही. ब्रिटिश अमदानीत मोखाडा पेटा ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांच्या यादीत होता. 1937 साली अशा प्रदेशांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींकडून सक्तीने घेतल्या जाणाऱ्या कामाची कैफियत सरकारदरबारी मांडली. पुढे 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठ नाकारली. सावकाराची वेठ गेली. मात्र सरकारी खात्याने गोड शब्दांत मागितलेली वेठ ओळखण्यास आम्हांस अजून वेळ लागतो आहे.

या बाबतीत आमचे दप्तर तरी काय शिकले? 2 ऑक्टोबर 1977 रोजी जनता पक्षाच्या सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना 50 रुपये. त्यांनी हक्काचे वेतन मागितले तेव्हा तुम्ही नोकर नव्हेच, असे उत्तर मिळाले. योजना कुजत कुजत संपली. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली, तीही त्याच साच्यातून: काम ठराविक, जबाबदारी ठराविक, नोंदवह्या अगणित, आणि नेमणूक मात्र ‘स्वयंसेविका’ म्हणून. याउलट ब्राझीलने आपल्या आरोग्यसेवकांना कायद्याने मान्यता देऊन किमान वेतन बांधून दिले, आणि इथिओपियासारख्या आपल्याहून निर्धन देशाने गावोगावच्या आरोग्यसेविकांना पगारी नोकरीत घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत तर स्पष्टच म्हटले आहे की, अशा कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात वेतन द्यावे, लेखी करार करावा, आणि केवळ किंवा मुख्यतः कामगिरीनिहाय मोबदल्यावर त्यांना विसंबून ठेवू नये. त्याच संघटनेने मे 2022 मध्ये भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला, तेव्हा मार्गदर्शिका विसरून सन्मानचिन्हाचाच तेवढा गाजावाजा झाला.

मग निर्वेतन स्वयंसेवकाला स्थानच नाही काय? आहे, आणि मोलाचे आहे. 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा जो उपक्रम चालला, त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत जव्हार-मोखाडा ज्यात मोडत तो तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. दवाखान्यात औषध आहे की नाही, रुग्णवाहिका आली की नाही, अधिकारी हजर होता की नाही, याची नोंद गावकऱ्यांनी ठेवायची आणि जनसुनवाईत त्याचा जाब भरसभेत विचारायचा! जाब विचारणारा जर त्याच खात्याचा भाडोत्री असेल तर त्याची जीभ अडखळेल. म्हणून हे काम बिनपगारीच शोभते. तसेच अडलेल्या बाईबरोबर नाशिकच्या रुग्णालयापर्यंत जाणे, अपरिचित शहरात तिच्या नातलगांस धीर देणे, वारली वा कातकरी बोलीतले दुखणे डॉक्टरला समजावून सांगणे, हे शेजारधर्माचे काम आहे. त्याला तनखा बांधण्याची सूचना कोणी करणार नाही.

शहरांतून रविवारी येणाऱ्या शिबिरांविषयी एवढेच म्हणतो: रक्तदाब मोजून, गोळ्या वाटून, छायाचित्रे काढून सायंकाळी परतणाऱ्या मंडळींचा हेतू शुद्ध असतो, परंतु सोमवारी त्या गोळ्यांचे पुढे काय झाले हे विचारायला पुन्हा आशाच जाते. ज्यांना या मुलखासाठी खरोखर काही करावयाचे आहे त्यांनी पुढच्या शिबिराची वर्गणी गोळा करण्याआधी आपल्या आमदारास एक पत्र लिहावे आणि त्यात दोनच गोष्टी मागाव्यात: आशेला लेखी नेमणूक, आणि दरमहा ठराविक तारखेला पुरे वेतन. 2024 च्या आरंभी मानधनवाढीच्या मागणीसाठी त्या स्त्रियांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले होते.