बरगे निघायच्या आत जलपर्णी काढा!

वाईपासून म्हैसाळपर्यंतच्या कृष्णाकाठच्या मंडळींनो, पाऊस तोंडावर आला आहे. त्याआधी आपल्या घाटासमोरची, बंधाऱ्याला तटलेली जलपर्णी बाहेर काढा. बाहेर म्हणजे पूररेषेच्या वर. बंधाऱ्यात पाणी अडवणारे बरगे निघाले की जाईल वाहून, म्हणून वाट बघू नका. वाईची कराडला जाते, कराडची भिलवडीला, आणि तिथून सांगलीकरांच्या पिण्याच्या पाण्यावर.

एक रोप उचलून बघा. फुगीर देठ, काळी झुपकेदार मुळं, बाजूला आडवा फुटवा आणि त्याच्या टोकाला पिलू. सांडपाणी मिसळलेल्या उबदार पाण्यात हा पसारा 15 दिवसांत दुप्पट होतो. जांभळं फूल देखणं, खरंच. त्या देखणेपणापायीच ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली गेली. पण बी एकदा गाळात गेलं की 15-20 वर्षंही टिकतं. फूल यायच्या आधी हात घाला.

तिच्याखाली ऊन पोचत नाही. प्राणवायू घटतो, मासा गुदमरतो, मासेमाराच्या जाळ्यात नुसता पाला येतो. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह तुंबतो आणि ऐन पाळीला ऊस वाळतो. डास घरात शिरतात. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला तर नदीत मगरी आहेत. त्या हिरव्या दाटीत मगर दिसत नाही. ना धुणं धुणाऱ्या आईला, ना डुंबायला गेलेल्या पोराला.

म्हणून पाण्यात उतरू नका. काठावरून, होडीतून, लांब आकडीने ओढा. पोरांना पाण्यापासून लांबच ठेवा. तणनाशक मारू नका. तेच पाणी आपल्या माठात येतं. काढलेली जलपर्णी शेणाबरोबर थर देऊन कुजवा.

आणि तिचं खाणं तोडा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. सांगलीचं सांडपाणी नदीत आणणारा शेरीनाला सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या गावची गटारं नदीला कुठं मिळतात, ते चालत जाऊन बघा. ग्रामसभेत विचारा. शोषखड्ड्यांचा आग्रह धरा. उसाला युरिया माती तपासूनच टाका, उगाच मूठ सैल सोडू नका.

एकट्या गावाने भागणार नाही. आजच वरच्या आणि खालच्या गावच्या सरपंचांना फोन लावा, एकच दिवस ठरवा. होडीवाल्यांना आधी सांगून ठेवा. आकड्या, दोर, विळे घेऊन सकाळी ऊन चढायच्या आत या. ज्याच्याकडे ट्रॉली आहे, त्याने ती रिकामी करून आणावी.