मशीनला ६ डिसेंबर कळतो का?

डिजिटल पेमेंट आणि एआयचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य येते. शिकलेले लोक विश्वास ठेवतात, वस्तीतले घाबरतात, म्हणून त्यांना साक्षर करा. हे निदानच चुकीचे आहे. वस्तीतली भाजीवाली ताई साउंडबॉक्सच्या आवाजावर भरवसा ठेवून गिऱ्हाईक सोडते. तिचा विश्वास नसता तर २०१६ नंतर यूपीआय फुटपाथपर्यंत पोचलेच नसते. तिला भीती आहे ती पैसे अडकल्यावर विचारायचे कुणाला याची. काउंटरवरचे साहेब म्हणतात, "सिस्टीमने केलंय." आता सिस्टीमचा टेबल कुठे शोधायचा?

सायबर फसवणुकीतला पैसा दुसऱ्यांच्या खात्यांतून फिरवला जातो. अशी 'म्यूल' खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर डॉट एआय तयार केले, डिसेंबर २०२४ मध्ये त्याची घोषणा झाली. गरज खरीच आहे. चार पैशांसाठी आपलीच पोरे खाते भाड्याने देतात आणि मग पोलिसांची नोटीस येते, हेही उघड बोलले पाहिजे.

पण अशी यंत्रे खात्याच्या वागण्यावरून संशय घेतात. एरवी शांत असलेल्या खात्यात अचानक अनोळखी लोकांचे पैसे येतात आणि लगेच बाहेर जातात, ही संशयाची ठळक खूण. आता चैत्यभूमीवरचा पुस्तकविक्रेता डोळ्यांसमोर आणा. वर्षभर खाते थंड. ५-६ डिसेंबरला राज्यभरातून आलेले शेकडो अनोळखी लोक वीस, पन्नास, शंभर रुपये टाकतात. ७ तारखेला तो सगळी रक्कम प्रकाशकाला पाठवतो. कागदावर हा माणूस आणि म्यूल यांत फरक काय? दीक्षाभूमीवरही तेच. प्रत्येक विक्रेता अडकेलच असे मी म्हणत नाही. पण दिवाळीची गर्दी यंत्राला सहज ओळखीची होते, आपली गर्दी त्याला कोण शिकवणार?

रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात एआयसाठी सात सूत्रे दिली. त्यात न्याय्यता आहे, उत्तरदायित्व आहे, आणि 'रोखण्यापेक्षा नवनिर्मिती'सुद्धा आहे. सूत्र म्हणजे हक्क नव्हे. युरोपात जीडीपीआरच्या कलम २२ नुसार यंत्राने एकट्याने घेतलेल्या गंभीर निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागता येते. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तसा हक्कच नाही. सरकारने पेमेंट ॲपला 'भीम' नाव दिले, पण ज्यांच्या नावाने दिले त्यांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये चलन चालवणाऱ्यांच्या मर्जीवर बंधन हवे, असा आग्रह धरला होता. नाव घेतले, आग्रह मागेच राहिला.

ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर त्याची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात बँकेवर टाकला. खाते गोठवतानाही तोच न्याय हवा : मराठीत लेखी कारण, सुनावणी घेणारा अधिकारी आणि ठरलेली मुदत. आपल्या संघटनांनी ही मागणी निवेदनांत घ्यावी. तोवर स्टॉलवाल्या मित्रांनी नोव्हेंबरातच शाखेत पत्र द्यावे : अमुक तारखांना पुस्तकविक्रीची रक्कम जमा होईल, नंतर प्रकाशकाला जाईल. प्रकाशकाची बिले जोडावीत आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.